वडिलांच्या ‘जनता’साठी ओरिजिनल पार्ट कुठून आणायचे?

प्रश्न सांगलीहून आला आहे. वडील शिक्षक होते. १९७४ साली त्यांनी एचएमटी जनता घेतलं आणि निवृत्त होईपर्यंत तेच मनगटावर राहिलं. ते गेल्यावर घड्याळ दहा वर्षं कपाटात पडून होतं. आता मुलाला ते रोज वापरायचं आहे. जवळच्या घड्याळजींनी झाकण उघडून सांगितलं, बॅलन्सचा स्टाफ तुटलाय, याचे पार्ट आता मिळत नाहीत, आख्खं मशीनच बदलून टाकू. डायलवर डाग पडलेत, तीही नवी घालू म्हणजे घड्याळ कोरं दिसेल. मुलाचं म्हणणं असं, की मला सगळं ओरिजिनलच हवं आहे, पण कंपनी बंद झाली, मग पार्ट आणायचे कुठून?

पुण्यात चावीची घड्याळं दुरुस्त करायला लागून मला एकतीस वर्षं झाली. हाच प्रश्न वेगवेगळ्या घड्याळांच्या निमित्ताने माझ्या टेबलावर येत असतो. ‘ओरिजिनल’ शब्द आला की मी आधी थांबवून विचारतो, म्हणजे नक्की काय हवंय? या एका शब्दात तीन गोष्टी दडलेल्या असतात. याच घड्याळात कारखान्यातून बसून आलेला पार्ट ही पहिली. त्याच कारखान्याने त्याच मशीनसाठी बनवलेला, पण दुसऱ्या घड्याळातून काढलेला किंवा पुडीत तसाच राहून गेलेला पार्ट ही दुसरी. आणि दुसऱ्याच कुणी मापाबरहुकूम केलेला पार्ट ही तिसरी. या तिन्हींना दुकानदार ‘ओरिजिनल आहे’ म्हणून मोकळा होतो. तुम्ही मात्र कोणत्या जागी कोणता पार्ट चालेल हे आधी ठरवा. काही जागी पहिल्याशिवाय दुसरं काही स्वीकारू नका, आणि काही जागी तिसराच सगळ्यात चांगला असतो.

हे सगळं घड्याळाचं पुढे काय करायचंय त्यावरही अवलंबून आहे. रोज घालायचं असेल तर एक उत्तर, पेटीत जपून ठेवायचं असेल तर दुसरं, विकायचं असेल तर तिसरं. तुम्हाला ते घालायचं आहे आणि ते वडिलांचं आहे, एवढं धरून मी लिहितो.

पार्ट शोधायला निघण्याआधी निदान पक्कं करा. दहा वर्षं बंद राहिलेल्या घड्याळातलं तेल वाळून गोंदासारखं झालेलं असतं. बॅलन्स हलत नाही, हलवला तरी दोन झोके घेऊन थांबतो, आणि घाईत असलेला माणूस ‘स्टाफ गेला’ म्हणतो. बॅलन्स म्हणजे झोके घेत वेळ सांभाळणारं चाक, आणि स्टाफ म्हणजे त्या चाकाचा आस. त्याच्या दोन्ही टोकांना साधारण एक दशांश मिलिमीटर जाडीचे निमुळते भाग असतात, त्यांना आम्ही पिव्हट म्हणतो, आणि ते ज्वेलच्या, म्हणजे बारीक खड्याच्या, भोकात फिरतात. जुन्या स्विस घड्याळांत, जिथे धक्का झेलायची सोय नव्हती, तिथे घड्याळ हातातून पडलं की पिव्हट मोडायचाच. जनताच्या डायलवर मात्र ‘पॅरा शॉक’ लिहिलेलं असतं. ही सिटिझनची रचना आहे. त्यांनी ती जपानमध्ये १९५६ साली आणली आणि एचएमटीकडे ती सिटिझनच्याच सहकार्यातून आली. यात ज्वेल बारीक स्प्रिंगखाली तरंगता बसवलेला असतो. धक्का बसला की ज्वेल क्षणभर सरकतो आणि मार पिव्हटऐवजी स्टाफच्या जाड भागावर येतो. त्यामुळे या घड्याळांत स्टाफ मोडत नाही असं नाही, पण सांगितलं जातं तितक्या वेळा नक्कीच मोडत नाही. माझ्याकडे ‘स्टाफ तुटलेली’ म्हणून आलेली कितीतरी एचएमटी नुसती पूर्ण खोलून, धुऊन, नव्याने तेल दिल्यावर चालू झाली आहेत.

म्हणून घड्याळजींना सांगा, बॅलन्स काढून पिव्हट लूपखाली, म्हणजे तुमच्या भिंगाखाली, मला दाखवा. मोडलेला पिव्हट कुणालाही दिसतो. एका टोकाला अणी असते, दुसऱ्या टोकाला थोटूक. ज्याला दाखवायला वेळ नाही त्याच्याकडे घड्याळ सोडू नका. पिव्हट शाबूत असेल तर हेअर स्प्रिंगला, म्हणजे बॅलन्सला जोडलेल्या केसासारख्या बारीक स्प्रिंगला, तेल लागून तिचे वेढे एकमेकांना चिकटलेत का, ती चुंबकित झाली आहे का, हेही तपासून घ्या. या दोन्हींत घड्याळ दिवसाला कित्येक मिनिटं पुढे पळतं आणि दोन्हींना एकही पार्ट लागत नाही.

आता समजा, स्टाफ खरोखरच गेलाय. तुमच्यापुढे तीन वाटा आहेत.

पहिली, फक्त स्टाफ बदलायचा. बॅलन्स चाक, हेअर स्प्रिंग सगळं वडिलांच्याच घड्याळाचं राहतं. यासाठी जुना स्टाफ खराद यंत्रावर कातून काढायचा, चाकाचं भोक न फाटू देता नवा बसवायचा, चाक सपाट फिरतंय का बघायचं आणि मग त्याचा तोल साधायचा. हे हातकाम आहे, आणि ते करणारे हात आता थोडे उरलेत. अर्धवट हाताकडून झालं तर चाक वाकतं आणि मूळ वस्तू कायमची जाते.

दुसरी, त्याच कॅलिबरच्या, म्हणजे त्याच मशीन-मॉडेलच्या, बंद घड्याळातून बॅलन्स हेअर स्प्रिंगसकट उचलून बसवायचा. जनता, पायलट आणि एचएमटीच्या चावीच्या कितीतरी मॉडेलांत ०२३१ हे सतरा ज्वेलचं, तासाला १८,००० ठोक्यांचं मशीन आहे, त्यामुळे असा बॅलन्स मिळणं अजून अवघड नाही. इथे एकच गोष्ट सांभाळायची. चाक एका घड्याळाचं आणि हेअर स्प्रिंग दुसऱ्याची, असं कधी करू द्यायचं नाही. कारखान्यात ती जोडी एकमेकांशी जुळवून बसवलेली असते. जोडी फोडली की घड्याळ ताब्यात येत नाही, रेग्युलेटर, म्हणजे गती कमीजास्त करायची दांडी, टोकापर्यंत सरकवला तरी मागे किंवा पुढे पडतच राहतं.

तिसरी, आख्खं मशीन बदलायचं. तुमच्या घड्याळजींनी हे सुचवलं, कारण त्यात अर्ध्या तासात काम उरकतं आणि एक दोष शोधत बसावं लागत नाही. पण बाजारातून आलेलं ते मशीन कुठल्या घड्याळातलं, किती वर्षं न धुतलेलं, कुणी कुठे चिमटे लावलेलं, हे कुणालाच ठाऊक नसतं. वडिलांचं मशीन निदान एकाच माणसाच्या मनगटावर चाललेलं आहे. मी मशीन बदलतो ते एकाच परिस्थितीत. पाणी शिरून प्लेटच गंजली असेल तर. कोकणातून येणाऱ्या घड्याळांत हे दिसतं. खारी दमट हवा क्राउनच्या, म्हणजे चावी द्यायच्या बटणाच्या, नळीतून आत जाते आणि स्टेम, सेटिंग लिव्हर हे लोखंडी पार्ट आधी तांबडे होतात. तेव्हाही मी बहुतेक वेळा तेवढे पार्ट बदलून मशीन वाचवतो.

तुमच्या जागी मी असतो तर दुसरी वाट धरली असती, आणि तुमचा मूळ बॅलन्स छोट्या पुडीत घालून तुमच्या हातात दिला असता. पुढे कधी स्टाफ बसवणारा चांगला हात भेटला तर पहिली वाट तुमच्यासाठी उघडी राहते.

पार्ट मिळणार कुठे? केंद्र सरकारने जानेवारी २०१६ मध्ये एचएमटी वॉचेस बंद करायला मंजुरी दिली, तेव्हा कारखान्याकडून नवीन पुरवठ्याची आशा सोडून द्या. पण बंगळुरात १९६१ साली सुरू झालेला हा उद्योग पुढे श्रीनगर, तुमकुर आणि उत्तराखंडातल्या राणीबागपर्यंत पसरला होता. या कारखान्यांतली घड्याळं देशभर घराघरांत गेली, आणि आज ती बंद पडलेली घड्याळंच पार्टचं कोठार आहेत. आम्ही त्यांना डोनर म्हणतो. पुण्यात बुधवार-रविवारचा जुना बाजार, मुंबईत चोर बाजारातली मटन स्ट्रीट, इथे ती मिळतात. पण माझा सगळ्यात खात्रीचा साठा अशा बाजारातून आलेला नाही. एखादा जुना घड्याळजी दुकान बंद करतो किंवा देवाघरी जातो, आणि घरच्यांना त्या टिनच्या डब्यांचं काय करावं कळत नाही. त्या डब्यांत काचेच्या कुप्या, कागदी पुड्या, पुडीवर पेन्सिलीने लिहिलेला कॅलिबर नंबर असतो. आयुष्यभर नीट लावून ठेवलेला तो साठा किलोवर भंगारात जाऊ नये, म्हणून मी कळल्याबरोबर जातो आणि योग्य पैसे देऊन घेतो. तुमच्या भागात कुणी जुने घड्याळजी असतील, दुकान बंद करून घरी बसलेले असले तरी, आधी त्यांना विचारा. सांगली-मिरज-कोल्हापूर पट्ट्यात असं कुणी सापडलं नाही तरच ऑनलाइन जा.

ऑनलाइन घेताना विक्रेत्याने लिहिलेल्या नावावर जाऊ नका. ‘एचएमटी मशीन’ या शीर्षकाखाली लेडीज घड्याळाचं इवलंसं मशीनही विकलं जातं आणि ऑटोमॅटिकही. मशीनवर कोरलेला कॅलिबरचा आकडा वाचता येईल असा फोटो मागा. बॅलन्स हलताना दिसेल असा छोटा व्हिडिओ मागा, कारण तुम्हाला हवा आहे तो बॅलन्सच. एकाच घराण्यातल्या मशीनांतही बारीक फरक असतात. काहींत क्राउन ओढल्यावर सेकंद काटा थांबतो, काहींत चालत राहतो. मी दोन्ही पार्ट लूपखाली शेजारी ठेवतो आणि उंची, भोक, दात जुळले तरच बसवतो. सिटिझनचे पार्ट चालतील का, असं लोक विचारतात. मशीनचं कूळ तेच आहे, म्हणून काही अगदी जुळतात, पण शेजारी ठेवून पाहिल्याशिवाय मी एकही बसवलेला नाही.

आता ज्या जागी ओरिजिनलचा हट्ट सोडायचा त्या जागा. मेन स्प्रिंग, म्हणजे चावी दिल्यावर घड्याळ चालवणारी स्प्रिंग, नवीच घाला. पन्नास वर्षं पुडीत गुंडाळून पडलेली पोलादी स्प्रिंग कोरी दिसली तरी तिचा जीव गेलेला असतो, आणि गंजाचा एक ठिपका असला तर चावी देताना ती मोडते. आजच्या मिश्रधातूच्या स्प्रिंग गंजत नाहीत, ताण धरून ठेवतात. रुंदी, जाडी, लांबी आणि बॅरलचा, म्हणजे ती बसते त्या डबीचा, आतला व्यास जुळला की झालं. बाहेरून ती कुणाला दिसणारही नाही. काचेचंही तसंच. जनताची काच अ‍ॅक्रिलिकची, ती झिजण्यासाठीच असते. हलके चरे पॉलिशने जातात. तडा असेल तर त्याच मापाची आणि तशाच उंचीची नवी बसवा, कारण चपटी काच घातली तर घड्याळाचा चेहराच बदलतो. झाकणाचं रबर, पट्टा, पट्ट्याच्या पिना यांच्यासाठी बाजार पालथा घालू नका. क्राउन मात्र मधल्या वर्गात येतो. झिजून पकड गेली असेल तर बदलावा लागतो, पण आकार आणि जाडी मूळ क्राउनसारखीच घ्या, आणि जुना फेकू देऊ नका.

डायलबद्दल मी इतका लवचीक नाही. कृपा करून ती बदलू नका, रंगवूही देऊ नका.

घड्याळात माणूस जे रोज बघतो ते डायल आणि काटे. तुमच्या वडिलांनी शाळेची घंटा व्हायची वाट बघत ज्या डायलकडे पाहिलं, ती हीच. डाग असतील, कडेला लॅकर पिवळं पडलं असेल, तरी अक्षरं वाचता येतायत ना? मग ती डायल चांगली आहे. रिडायल करणारे जुना छाप घासून काढतात, नवा रंग देतात आणि अक्षरं नव्याने छापतात. लूपखाली फरक लगेच कळतो. अक्षरांच्या कडा फुगलेल्या असतात, मिनिटांच्या रेघा आकड्यांच्या मध्यावर येत नाहीत, कधी कधी रंग सेकंद काट्याच्या भोकात उतरलेला असतो. अशा नव्याने छापलेल्या डायलांची आणि जोडतोड केलेल्या मशीनांची घड्याळं इतकी विकली गेली, की परदेशातल्या संग्राहकांनी त्यांना ‘मुंबई स्पेशल’ असं नाव ठेवलं. आपल्या मुंबईचं नाव अशा गोष्टीला लागावं याचं मला वाईट वाटतं, कारण याच शहरात एका-एका पार्टसाठी महिनाभर थांबणारे कारागीर मी पाहिले आहेत. डायलवरची धूळ रबरी फुंकणीने उडवता येते. त्यापुढे काहीही करायचं असेल तर आधी अगदी कडेला, जिथे ती केसच्या, म्हणजे घड्याळाच्या बाहेरच्या कवचाच्या, आत झाकली जाते, तिथे करून बघायचं. साधं पाणी लागलं तरी काही डायलांचा छाप निघून येतो.

आजोबांचं जुनं स्विस घड्याळ असेल त्यांच्यासाठी इथेच एक सांगतो. १९५० च्या दशकातल्या आणि त्याआधीच्या घड्याळांत, अंधारात चमकणाऱ्या आकड्यांवर बहुधा रेडियम असतं. चमक गेली म्हणजे रेडियम गेलं असं नाही. चमकणारं रसायन थकतं, पण रेडियमचं अर्धायुष्य सोळाशे वर्षांच्या आसपास आहे. ते खरवडू नका आणि खरवडू देऊ नका. त्याची भुकटी श्वासात जाणं धोक्याचं आहे. जुन्या स्विस घड्याळांत आणखी एक गोष्ट असते. डायलवर एक नाव आणि मशीन बनवणारा भलताच. बॅलन्सच्या खाली बारीक अक्षरांत ए.एस., एफ.एच.एफ. किंवा ईटीए असा शिक्का आणि पुढे आकडा असतो. पार्ट त्या शिक्क्याच्या नावाने शोधायचा. पार्टना ठरलेले क्रमांकही आहेत. स्टेमचा ४०१, बॅलन्स स्टाफचा ७२३, मेन स्प्रिंगचा ७७०. कॅलिबर आणि हा क्रमांक सांगितला की जगात कुठल्याही व्यापाऱ्याला तुम्हाला काय हवं ते समजतं. ओमेगासारख्या घड्याळांचं मात्र अवघड झालंय, कारण ओमेगाची मालक कंपनी असलेल्या स्वॉच ग्रुपने २०१५ च्या अखेरीस स्वतंत्र घाऊक विक्रेत्यांना पार्ट देणं थांबवलं. तिथेही डोनरच शोधावा लागतो, आणि तो स्वस्त नसतो. तुमचं घड्याळ एचएमटीचं आहे, त्या मानाने तुमची वाट सोपी आहे.

केसबद्दल माझ्या हातून घडलेलं सांगतो. नवा होतो तेव्हा एका बाईंनी नवऱ्याचं घड्याळ आणलं, झाकणावर निवृत्तीच्या दिवशी सहकाऱ्यांनी कोरून दिलेलं नाव आणि तारीख होती. घड्याळ चालू केलं, आणि छान दिसावं म्हणून न विचारता केस आणि झाकण बफिंगवर, म्हणजे पॉलिशच्या फिरत्या चाकावर, धरलं. नाव अर्धं पुसलं गेलं. त्या काही बोलल्या नाहीत, झाकणावरून बोट फिरवत उभ्या राहिल्या. तेव्हापासून मी कुणाच्या घड्याळाला विचारल्याशिवाय बफ लावलेला नाही. तुमच्या जनताची केस पितळेवर क्रोम चढवलेली असण्याची शक्यता खूप आहे. ती बफिंगवर धरली तर खालचं पितळ उघडं पडतं आणि परत क्रोम चढवताना केसच्या कडा गोल होतात. साबणाचं पाणी, मऊ ब्रश, आणि तेही मशीन बाहेर काढल्यावर, एवढंच तिला पुरे.

आतापर्यंतचं थोडक्यात मांडतो, म्हणजे दुकानात बोलायला सोपं जाईल. डायल, काटे, केस आणि झाकण आहे तेच राहील. बॅलन्स खरंच गेला असेल तर त्याच कॅलिबरच्या डोनरमधून जोडीने येईल. मेन स्प्रिंग, काच, रबर नवं येईल. बाकी मशीन पूर्ण खोलून धुऊन परत तेच बसेल.

हे घड्याळजींना तोंडी सांगू नका, बिलावर लिहून घ्या: ‘रिडायल नाही, पॉलिश नाही, काढलेले सर्व पार्ट परत.’ घड्याळ देण्याआधी डायल, झाकण आणि झाकण उघडून मशीन, असे तीन फोटो काढून ठेवा. झाकणाची आतली बाजू नीट बघा. बरेच घड्याळजी तिथे टोकदार सुईने तारीख किंवा खूण कोरून ठेवतात. त्यावरून तुमच्या वडिलांनी घड्याळ किती वेळा आणि किती वर्षांनी सर्व्हिसिंगला दिलं होतं, ते कळू शकेल. मला ग्राहकाला ती खूण दाखवायला फार आवडतं.

काम झाल्यावर टायमिंग मशीनवर, म्हणजे घड्याळाची गती मोजणाऱ्या यंत्रावर, लावून दाखवायला सांगा. पूर्ण चावी दिलेली असताना, डायल वर ठेवून, बॅलन्सचा झोका अडीचशे अंशांच्या वर असेल तर मी समाधानी असतो. पन्नास वर्षांच्या मशीनने दिवसाला पंधरा-वीस सेकंदांचा फरक दाखवला तर त्याच्या मागे लागू नका. रोज सकाळी एकाच वेळेला चावी द्या, शेवटी हाताला अडल्यासारखं लागलं की थांबा. पाण्यापासून दूर ठेवा. ‘वॉटरप्रूफ’ लिहिलेलं असलं तरी त्या रबराचं वय लक्षात घ्या.

आणि मशीन बदलायला अजून हो म्हटलं नसेल तर आजच फोन करून थांबवा. बहुतेक दुकानांत काढलेलं मशीन डोनरच्या डब्यात जातं, आणि तिथे गेल्यावर कुठलं मशीन कुणाचं, ते डबा ठेवणाऱ्यालाही ओळखता येत नाही.